कामाच्या जागीं भ्रमणध्वनि : एका बोलावण्याचा इतिहास

हल्लीं कोणत्याही कचेरींत, कारखान्यांत किंवा शाळेंत जा, दाराशीं अगर भिंतीवर मोबाइलचा वापर करूं नये अशा अर्थाची पाटी बहुधा दृष्टीस पडतेच. आणि त्या पाटीखालींच उभा राहून कोणीतरी मोबाइलवर बोलत असतो. पुष्कळदां तो ज्याच्याशीं बोलत असतो तो ती पाटी लावणारा अधिकारीच असतो, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मोबाइलमुळें कामाचा खोळंबा होतो, खिडकीपुढें माणसें ताटकळत उभीं असतां कारकून यंत्रांतील चित्रें पाहत बसतो, असें एका पक्षाचें म्हणणें. मोबाइलवांचून आजचें कोणतेंही काम एक पाऊल पुढें सरकणार नाहीं, असें दुसऱ्या पक्षाचें. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे एवढेंच सांगण्यासाठीं निबंध लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु हा वाद नेहमीं यंत्राच्या गुणदोषांचा म्हणून चालविला जातो, आणि त्या यंत्राचा इतिहास जरा मागें जाऊन पाहिला म्हणजे आम्हांस असें दिसतें कीं, वादाचें मूळ बोलावण्याच्या अधिकारांत आहे. कोणीं कोणास हांक मारावी, कोणत्या वेळीं मारावी, आणि ज्यास हांक मारली त्यास 'आतां नाहीं' म्हणण्याची मोकळीक असावी कीं नसावी, हा तो प्रश्न होय.

या दृष्टीनें पाहतां टेलिफोनचा जन्मच मोठा सूचक आहे. अमेरिकेंत तारायंत्राचा प्रारंभ १८४४ सालीं बायबलांतील एका गंभीर वचनानें झाला होता. टेलिफोनच्या वेळीं असला कांहीं थाट नव्हता. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यास आपल्या शोधाचें पेटंट ७ मार्च १८७६ रोजीं मिळालें, आणि त्यानंतर तीनच दिवसांनीं, बोस्टन येथील एका घरांत, तारेवरून पहिलें सुबोध वाक्य उच्चारलें गेलें. शेजारच्या खोलींत असलेल्या थॉमस वॉटसन नांवाच्या मदतनिसास, इकडे या, तुमची गांठ घ्यावयाची आहे, अशा अर्थाचें तें बोलावणें होतें. अंगावर आम्ल सांडल्यामुळें बेलनें ही हांक मारली, अशी गोष्ट वॉटसननें पुढें उतारवयांत सांगितली. बेलच्या त्या दिवसाच्या टिपणांत आम्लाचा उल्लेख नाहीं. आम्ल सांडलेलें असो वा नसो, वॉटसन हा पगारी मदतनीस होता आणि हांक ऐकूं येतांच तो उठून गेला, एवढें निर्विवाद आहे. टेलिफोनवरील पहिलें संभाषण याप्रमाणें कामाचें होतें, आणि तें वरून खालीं गेलेलें होतें.

आपल्या देशांत टेलिफोनचीं पहिलीं केंद्रें १८८२ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास या शहरांत निघालीं. तीं कंपन्यांच्या हातीं होतीं. मुंबईची टेलिफोन कंपनी सरकारनें ताब्यांत घेतली ती १९४३ सालीं. पुढें कित्येक वर्षें टेलिफोन ही थोड्यांच्या घरची व मोठ्या कचेऱ्यांतील वस्तु राहिली. ज्यांनीं जुन्या कचेऱ्या पाहिल्या आहेत त्यांस आठवत असेल कीं, सबंध खोलींत काळें यंत्र एकच, आणि तें मुख्याच्या मेजावर. एखाद्या कारकुनाचा फोन आलाच तर शिपाई येऊन त्याचें नांव पुकारी, तो बिचारा साहेबांच्या मेजाच्या कडेला अंग चोरून उभा राही, साहेब कागदांत डोकें घालून न ऐकल्यासारखें करीत, आणि 'हो, हो, येतों' यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. घरून फोन येणें म्हणजे घरांत कोणीतरी अत्यवस्थ असणें, असें त्या काळचें समीकरण होतें. म्हणून तो परत जाग्यावर येईपर्यंत इतरांच्या लेखण्या थांबत. परगांवीं बोलावयाचें तर ट्रंक कॉल नोंदवावा, मग तासन्‌तास वाट पाहावी. 'अर्जंट' व 'लाइटनिंग' असे त्याचे वरचे वर्ग होते, आणि त्यांचे दरही चढते. थेट आंकडे फिरवून दुसऱ्या शहराशीं बोलण्याची सोय आपल्याकडे १९६० सालीं कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान प्रथम झाली. १९८० नंतर गल्लोगल्लीं पिवळ्या पाट्यांचे एस. टी. डी. चे गाळे निघाले, तेव्हां कोठें सामान्य माणसास साहेबांच्या मेजाचा आश्रय न घेतां बोलतां येऊं लागलें.

या व्यवस्थेचे तोटे सर्वांच्या तोंडीं आहेत. तिचा एक लाभ मात्र ती नाहींशी झाल्यावरच कळला. संध्याकाळीं कारकून मेजावरचे कागद आवरून उठला म्हणजे टेलिफोन मागें राही. रात्रीं रिकाम्या खोलींत तो कितीही वेळ खणखणला तरी तो ऐकण्यास कोणी बांधलेला नसे, आणि दुसऱ्या दिवशीं त्याबद्दल कोणी जाबही विचारीत नसे. ही मोकळीक कोणत्या कायद्यानें दिलेली नव्हती. ती तारेच्या लांबीनें दिलेली होती.

ती तार सुटली ३ एप्रिल १९७३ रोजीं. मोटोरोला कंपनींतील मार्टिन कूपर नांवाच्या इंजिनियरानें त्या दिवशीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभें राहून सुमारें सव्वा किलो वजनाच्या, हातांत धरण्याच्या यंत्रावरून पहिला फोन केला. कोणास? घरच्या मंडळींस नव्हे. बेल लॅबोरेटरीज येथें याच शोधाच्या मागें लागलेले त्याचे प्रतिस्पर्धी जोएल एंगेल यांस, आपण पुढें गेलों हें कळविण्यासाठीं. हेंही बोलणें धंद्याचेंच होतें, फक्त या वेळीं तें बरोबरीच्या माणसाशीं होतें. तें यंत्र बाजारांत यावयास आणखी दहा वर्षें लागलीं, आणि १९८३ सालीं त्याची किंमत ४,००० डॉलरांच्या घरांत होती. त्याची बॅटरी सुमारें अर्धा तास बोलणें झालें कीं संपे, आणि पुन्हां भरण्यास दहा तास घेई. मोबाइलच्या सर्व इतिहासांत हा काळ सर्वांत सुखाचा होता, असें आमच्या एका स्नेह्यांचें मत आहे. आम्ही तें येथें विनातक्रार नमूद करतों.

हिंदुस्थानांत मोबाइलवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसु कलकत्त्याहून आणि केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम दिल्लीहून बोलले. तिन्ही पहिलीं संभाषणें याप्रमाणें कामाचीं. त्यानंतरचीं सात-आठ वर्षें एक विलक्षण नियम चालू होता, तो आजच्या तरुणांस खरा वाटणार नाहीं : फोन करणाऱ्याप्रमाणें फोन घेणाऱ्यासही पैसे पडत. म्हणून ज्याच्यापाशीं यंत्र असे तो नंबर जपून देई, आणि न ओळखीची घंटा वाजली तर ती वाजूं देई. १ मे २००३ पासून करणाऱ्यानेंच पैसे द्यावे असें ठरलें. या एका बदलानें मोबाइल गवंड्याच्या, सुताराच्या, रिक्षावाल्याच्या, मोलकरणीच्या हातीं गेला, कारण आतां यंत्र नुसतें बाळगण्यास व हांक ऐकण्यास खर्च राहिला नाहीं. इतिहासकारांनीं या दिवसाची जेवढी नोंद घ्यावयास हवी तेवढी घेतलेली नाहीं, असें आम्हांस वाटतें. कारण त्याच दिवशीं दुसरीही एक गोष्ट घडली. फोन बंद ठेवण्याचें सर्वांस पटणारें जें कारण होतें, तें गेलें. पैसे पडतात म्हणून घेतला नाहीं, असें आतां कोणास म्हणतां येईना. हातावर पोट असलेल्यांनीं मात्र या नव्या नियमांतूनही आपली वाट काढली. एकदां घंटा वाजवावयाची आणि समोरच्यानें उचलण्यापूर्वींच ठेवून द्यावयाचें. मग काम असेल तर तो आपल्या खर्चानें फोन करील. 'मिस्ड कॉल' या शब्दास आपल्या लोकांनीं जो नवा अर्थ दिला, त्यांत बोलावण्याचा खर्च कोणीं सोसावा याविषयींची एक सबंध नीति भरलेली आहे. मजूर मुकादमास मिस्ड कॉल देई. मुकादमानें मजुरास दिला तर तो चेष्टेचा विषय होई.

मोबाइलनें कामास खरोखर काय दिलें हें पाहावयाचें असेल तर कचेऱ्या सोडून केरळच्या किनाऱ्यावर गेलें पाहिजे. उत्तर केरळांतील मच्छीमार तारली मासा पकडतात. मासा नाशवंत, तो टिकविण्याची सोय अपुरी, आणि किनाऱ्यावर थोड्या थोड्या अंतरावर लहान लहान बाजार. जाळें ओढून झाल्यावर नाव कोठें लावली असतां भाव मिळेल हें समुद्रांत असतां कळण्यास मार्ग नसे, आणि एकदां एका किनाऱ्यास लागल्यावर दुसऱ्या बाजारास जाण्याइतका वेळ उरत नसे. म्हणून बहुतेक जण आपल्या नेहमींच्याच ठिकाणीं येत. १४ जानेवारी १९९७ च्या सकाळीं बडगरा येथें ११ मच्छीमारांस गिऱ्हाईकच मिळालें नाहीं व हातची मासळी टाकून देण्याची पाळी आली. त्याच सकाळीं १५ किलोमीटरांच्या आंतल्या दुसऱ्या बाजारांत २७ गिऱ्हाइकें मासळीवांचून परत जाण्याच्या बेतांत होतीं. त्याच वर्षापासून २००१ पर्यंत कोळिकोड, कन्नूर व कासरगोड या भागांत क्रमाक्रमानें मोबाइलचे मनोरे उभे राहिले. त्यांच्या लहरी किनाऱ्यापासून २०-२५ किलोमीटर आंत समुद्रावरही पोंचत. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानें या काळांतील भावांचा व नावांचा आठवड्यामागून आठवडे हिशेब ठेवून २००७ सालीं आपला अभ्यास प्रसिद्ध केला. मोबाइल येण्यापूर्वीं पकडलेल्या मासळीपैकीं शेंकडा ५ ते ८ वाया जात असे. ती नासाडी जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरीनें शेंकडा ८ नें वाढला, आणि गिऱ्हाइकास पडणारा भाव शेंकडा ४ नें उतरला. विकणारा व घेणारा या दोघांचाही एकाच वेळीं फायदा व्हावा, असे प्रसंग अर्थशास्त्रांत फार नाहींत.

या उदाहरणांत आमच्या मतें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आंकड्यांत नाहीं. फोन करणारा कोण, हें पाहावें. नावेंतला माणूस स्वतः फोन करतो, दोन-चार व्यापाऱ्यांस भाव विचारतो, आणि मग सुकाणू वळवितो. तो कोणाच्या हांकेचा ताबेदार नाहीं. पुढें २०१३ सालीं जानकी श्रीनिवासन व जेना ब्युरेल यांनीं त्याच किनाऱ्याचा पुन्हां शोध घेतला, तेव्हां हें चित्र सर्वत्र इतकें सरळ नाहीं असें आढळलें. ज्यांनीं नावेसाठीं दलालाकडून उचल घेतलेली असते त्यांस मासळी त्याच दलालाच्या हवालीं करावी लागते. खिशांत मोबाइल असूनही त्यांस वळण्यास दुसरा किनारा नसतो. अशा माणसाच्या हातांतील यंत्राचा आणि मोकळ्या माणसाच्या हातांतील यंत्राचा उपयोग सारखाच धरून कसें चालेल?

आतां तोट्याच्या बाजूकडे वळूं. चित्त विचलित होतें हा आक्षेप खोटा नाहीं. अमेरिकेंतील फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठांत २०१५ सालीं केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, यंत्रास हात न लावतां नुसती त्याची घंटा किंवा थरथर जाणवली तरी एकाग्रतेच्या कामांतील चुका वाढतात. त्यापूर्वीं २००८ सालीं ग्लोरिया मार्क व त्यांचे सहकारी यांनीं केलेला प्रयोग अधिक विचार करावयास लावणारा आहे. त्यांत वारंवार अडथळा आणलेलीं माणसें काम उशिरां करतील अशी अपेक्षा होती. त्यांनीं तें लवकर संपविलें. मात्र मनावरचा ताण व घाई फार वाढली. म्हणजे व्यत्ययाची किंमत धन्याच्या वहींत दिसत नाहीं. ती काम करणाऱ्याच्या अंगीं मुरते.

जेथें शेंकडों जीव एका माणसाच्या लक्षावर विसंबून असतात तेथें हा प्रश्न ताणापुरता राहत नाहीं. लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थ येथें १२ सप्टेंबर २००८ रोजीं उतारूंची गाडी तांबडा सिग्नल ओलांडून मालगाडीवर आदळली व २५ माणसें मेलीं. एंजिन चालविणारा ड्रायव्हर मोबाइलवर खासगी संदेश लिहीत होता, असें चौकशींत निष्पन्न झालें. आणि पुढच्याच महिन्यांत तेथील सरकारनें रेल्वेच्या नोकरांस कामावर अशीं यंत्रें वापरण्याची बंदी केली. येथवरची गोष्ट पाटी लावणाऱ्यांच्या बाजूची आहे. परंतु तिच्या शेजारीं दुसरी ठेवून पाहावी. २४ जुलै २०१३ रोजीं स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला येथें ८० किलोमीटर वेगमर्यादेच्या वळणावर गाडी १७९ च्या वेगानें शिरून रुळांवरून उडाली व सुमारें ८० उतारू प्राणांस मुकले. तो ड्रायव्हरही त्यापूर्वीं कांहीं क्षण मोबाइलवर बोलत होता. पण तें बोलणें खासगी नव्हतें. गाडीवरील तिकिट तपासनिसानेंच त्यास फोन केला होता, आणि पुढच्या एका स्थानकावर गाडी कोणत्या फलाटास लावावी याविषयींची ती कामाची चौकशी होती. २०२४ सालीं न्यायालयानें ड्रायव्हरास शिक्षा दिली, आणि त्याच्याबरोबर रुळांच्या सुरक्षिततेचा अधिकारी जो होता त्यासही दिली. कारण त्या वळणावर वेग आपोआप रोखणारी योजना नव्हती. खासगी फोन वाईट व कामाचा फोन चांगला, ही जी सोपी विभागणी आपल्या सर्व नियमांच्या तळाशीं असते, तिला या अपघातानंतर आधार उरत नाहीं. बोलावणाऱ्यानें समोरचा माणूस या क्षणीं काय करीत आहे याचा विचार केला पाहिजे. आणि वरिष्ठांस किंवा सहकाऱ्यांस तो करावयास लावील असा नियम आम्हीं तरी कोणत्या भिंतीवर वाचलेला नाहीं.

महाराष्ट्रांतील दोन घडामोडी, दोन्ही २०२१ सालच्या, या संदर्भांत पाहण्यासारख्या आहेत. जुलै महिन्यांत राज्य सरकारनें आपल्या नोकरवर्गासाठीं एक परिपत्रक काढलें. कचेरीच्या कामास शक्यतों मेजावरील टेलिफोनच वापरावा, मोबाइल जरुरीपुरताच, बोलणें सौम्य आवाजांत असावें, खासगी फोन खोलीबाहेर जाऊन घ्यावा, असें त्यांत सांगितलें होतें. लोकप्रतिनिधींच्या व वरिष्ठांच्या फोनास विनाविलंब उत्तर द्यावें, आणि कामानिमित्त दौऱ्यावर असतां मोबाइल बंद ठेवूं नये, असेंही त्यांतच होतें. या सूचनांतील एकही स्वतंत्रपणें वावगी नाहीं. सरकारी कचेरींत अर्ज घेऊन उभें राहण्याचा प्रसंग ज्यांस आला आहे ते तर पहिल्या भागाचें मनापासून स्वागत करतील, आम्हींही केलें. पण संपूर्ण परिपत्रक एका दमांत वाचलें म्हणजे असें दिसतें कीं, कनिष्ठाच्या खिशांतील तेंच यंत्र खालून किंवा घरून वाजलें तर तो व्यत्यय, आणि वरून वाजलें तर तें कर्तव्य.

पुढच्याच महिन्यांत, ऑगस्टांत, राज्यभरच्या अंगणवाडी सेविका सरकारनें दिलेले मोबाइल परत करूं लागल्या. पोषण आहार, मुलांचीं वजनें, गरोदर बायांची नोंद हीं कामें पूर्वीं नोंदवह्यांत होत. त्यांच्या जागीं २०१९ सालीं सुमारें एक लाख यंत्रें वाटण्यांत आलीं होतीं. हेतु चांगला होता. नोंद त्या त्या दिवशीं वर पोंचावी, कुपोषित मूल लवकर दृष्टीस पडावें, यास कोण नाहीं म्हणेल? परंतु यंत्रें कमी शक्तीचीं निघालीं. तीं तापत, मध्येंच अडून बसत. हमीची मुदत संपल्यावर दुरुस्तीचा खर्च सेविकांनीं आपल्या पदरचा करावा अशी वेळ आली, आणि ज्यांस पगार नव्हे, मानधन मिळतें अशा त्या बाया. त्यांत माहिती भरावयाची योजना इंग्रजींत! वाडीवस्तीवर काम करणाऱ्या, मराठींत शिकलेल्या बाईनें अर्धपोटीं मुलाचें वजन इंग्रजी रकान्यांत शोधून भरावें, न भरल्यास काम केलें नाहीं असें धरलें जावें. सेविकांनीं यंत्रें गोळा करून प्रकल्पाच्या कचेऱ्यांत नेऊन ठेवलीं. त्यांचें म्हणणें मोबाइल नको असें नव्हतें. चालणारें यंत्र द्या आणि आमच्या भाषेंत द्या, अशी त्यांची मागणी होती. केरळचा मच्छीमार आणि ही सेविका, दोघांच्याही हातीं एकच वस्तु. पण तो तिच्यावरून विचारतो, आणि हिला तिच्यावरून विचारलें जातें.

हा भेद युरोपांत कांहींसा आधीं ओळखला गेला. जर्मनींतील फोक्सवागेन कंपनीनें २०११ सालीं कामगारसंघाशीं करार करून, पाळी संपल्यावर अर्ध्या तासानें कांहीं नोकरांच्या यंत्रांवर कचेरीचे संदेश जाणेंच बंद केलें. फ्रान्सनें २०१६ सालीं कायदा केला व तो १ जानेवारी २०१७ पासून अंमलांत आला. ५० किंवा अधिक नोकर असलेल्या कंपन्यांनीं कामाबाहेरच्या वेळेविषयीं नोकरांशीं बोलणीं करावीं असें त्यांत आहे. ऑस्ट्रेलियांत असाच हक्क २६ ऑगस्ट २०२४ पासून मोठ्या मालकांच्या नोकरांस मिळाला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनीं २०१८ च्या डिसेंबरांत लोकसभेंत या हक्काचें खासगी विधेयक मांडलें. त्याचा कायदा झाला नाहीं. अशा कायद्यांनीं सर्व सुरळीत होतें असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. ज्याची बढती वरिष्ठाच्या मर्जीवर आहे तो रात्रीं अकरा वाजतां आलेला फोन कायदा असूनही घेईल. शिवाय रुग्णालय, वीज, अग्निशामक दल अशा कामांत हांक येईल तेव्हां जाणें हाच कामाचा भाग असतो. तेथें पाळी ठरवून व पैसे देऊन ती वेळ विकत घेतली पाहिजे, फुकट धरतां कामा नये.

फ्रान्सचा कायदा होण्याच्या बऱ्याच आधीं तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें एक दावा आला होता. रुग्णवाहिका चालविणारा एक नोकर कामाच्या वेळेबाहेर मालकानें फोन केला असतां सांपडला नाहीं. मोबाइल त्याचा स्वतःचा होता. मालकानें हा गंभीर कसूर मानून त्यास कामावरून काढलें. दावा शेवटच्या पायरीस पोंचला, आणि १७ फेब्रुवारी २००४ रोजीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, कामाच्या वेळेबाहेर आपल्या खासगी मोबाइलवर न सांपडणें हा कसूरच नव्हे.